गिताबाईचं न झालेलं लग्न

न्हावऱ्याच्या गिताबाई टेंगलेला दर वर्षी नोव्हेंबरात सरकारला दोन गोष्टी लिहून द्याव्या लागत. एक, आपण जिवंत आहोत. दोन, आपण पुन्हा लग्न केलेलं नाही. पहिल्या गोष्टीबद्दल तिची काही तक्रार नव्हती. मेलेल्या माणसाची पेन्शन जिवंत माणसं खातात हे तिनं पोलीस लाइनीत राहून पुष्कळ ऐकलेलं होतं, त्यामुळे सरकारनं खात्री करावी हे तिला पटायचं. दुसऱ्या गोष्टीचा मात्र तिला दर वर्षी नव्यानं राग यायचा. "दोन म्हशी, दोन पोरं आन् अडीच एकर एकली बघत्ये. लगीन करायला मला येळ कवा घावला, ते तरी इचारा," असं ती पेन्शनच्या ऑफिसातल्या क्लार्कला सुनवायची. क्लार्क मान खाली घालून बोटानं सहीची जागा दाखवायचा. मग ती सही करायची. सही अशी झोकदार की तिच्यापुढं क्लार्कची सही लाजावी.

त्या कागदावर दोन साक्षीदार लागत. दुसरा साक्षीदार ऑफिसाच्या दारात जो सापडेल तो. पहिला मात्र ठरलेला, गिताबाईचा धाकटा दीर कोंडिबा. आपल्या वहिनीनं लग्न केलेलं नाही, हे तो दहा वर्षं सरकारला लिहून देत आला होता. त्याच्याइतकी खात्रीची माहिती गावात दुसऱ्या कुणाकडं असायचं कारणही नव्हतं.

गिताबाईचा नवरा मल्हारी म्हणजे टेंगल्यांच्या घरातला मेंढरं सोडून पोलिसात गेलेला पहिला माणूस. नेमणूक दौंडला. तिथल्या पोलीस लाइनीतल्या दोन खोल्यांत गिताबाईनं नऊ वर्षं संसार केला आणि त्या नऊ वर्षांत खात्याची सगळी भाषा उचलली. धार काढायला गेली की ती ड्युटीवर गेली. दावं तोडून पळालेली म्हैस फरार. घरात कार्य निघालं की बंदोबस्त. मुलगा पप्पू शाळा बुडवून विहिरीवर सापडला तेव्हा तिनं त्याचा शेजाऱ्यांसमोर जबाब घेतला होता, आणि खाली त्याची सहीही घेतली होती.

त्र्याण्णवच्या जानेवारीत, कारखान्याचा हंगाम जोरात असताना, मल्हारीची ड्युटी पाटसजवळ हायवेवर होती. उसाच्या गाड्यांची गर्दी मोकळी करताना मागं येणाऱ्या एका ट्रॉलीखाली तो सापडला. त्या दिवसाबद्दल गिताबाई फार बोलत नाही, म्हणून आपणही बोलू नये. कामावर असताना गेला म्हणून तिला पेन्शन बांधून मिळाली. बारा वर्षांचा पप्पू आणि आठ वर्षांची प्रगती यांना घेऊन ती न्हावऱ्याला परत आली.

कोंडिबा तेव्हा मेंढरं घेऊन कोकणात उतरला होता. भाऊ गेल्याचं त्याला पाचव्या दिवशी कळलं. आला तो कळप विकून टाकूनच गावात राहिला. त्याचं लग्न झालेलं नव्हतं, कारण आठ महिने घराबाहेर राहणाऱ्याला मुलगी द्यायला कुणाचा बाप तयार नव्हता. वर्ष झाल्यावर भावकीतली चार माणसं गिताबाईच्या ओट्यावर बसली आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मुद्द्यावर आली. आपल्यात विधवेचा दिराशी पाट लावायला मनाई नाही. घर एक, जमीन एक, पोरांना चुलता काही परका नाही. गिताबाईनं सगळ्यांना चहा दिला. दुसऱ्या दिवशी मात्र तालुक्याची गाडी धरून ती पेन्शनच्या ऑफिसात गेली आणि क्लार्कला म्हणाली, "मी न्हाई, पर एखाद्या बाईनं दुसरं लगीन केलं, तर तिच्या पेन्शनीचं काय व्हतं?"

"बंद होते," क्लार्क म्हणाला.

घरी येऊन तिनं भावकीला कळवलं, "एखादीला परवडत न्हाई." विषय तिथंच संपला. कोंडिबा तेव्हा गोठ्यात म्हशीला दावं लावत होता. त्यानं ऐकलं की नाही कुणास ठाऊक. दावं लावायला मात्र त्याला त्या दिवशी नेहमीपेक्षा बराच वेळ लागला. पुढं त्यानं शेताच्या कडेला स्वतःपुरती एक खोली बांधली. जेवायला तो वहिनीकडंच यायचा, पण दहा वर्षांत एकदाही "वैनी, येऊ का?" असं विचारल्याशिवाय त्यानं उंबरा ओलांडला नाही. ही रीत चांगली की वाईट, ते आम्हाला ठरवता येत नाही. ती चांगली दिसायची, एवढं खरं.

दोन हजार तीनच्या मे महिन्यात पप्पूचं लग्न निघालं. पप्पू दुधाचा टेम्पो चालवत होता, मुलगी पाटसची होती, सगळं जमून आलं होतं. गाडी अडली ती देवकापाशी. देवक बसवायला नवरामुलाच्या आईबापानं जोडीनं पाटावर बसायचं, दोघांच्या शेल्यापदराची गाठ मारायची, अशी पद्धत. बाप नाही, मग चुलतचुलते बसतात. म्हणून भावकीतल्या साखरबाईनं आठ दिवस आधीच नवी साडी घेऊन ठेवली आणि नवऱ्याची दाढीही करून घेतली. पाट मांडले तेव्हा गिताबाई चुलीपाशी होती. ती तिथून उठली, आत गेली आणि पत्र्याच्या पेटीतून मल्हारीचा पोलिसाचा पट्टा घेऊन आली. पितळी बक्कल तिनं चिंच लावून घासलेलं होतं, म्हणजे हा बेत त्या दिवशीचा नव्हता.

"माज्या पोराचं देवक आन् मी चुलीम्होरं?" ती म्हणाली. "म्या बसनार. आन् हे बी बसत्याल." असं म्हणून तिनं पट्टा दुसऱ्या पाटावर ठेवला.

साखरबाईचं तोंड एवढंसं झालं. सगळे भटजीकडं बघायला लागले. भटजींना त्या दिवशी आणखी तीन मुहूर्त होते आणि मोटरसायकलीत पेट्रोल कमी होतं. जोडीदार हजर नसला तर सुपारी ठेवली तरी चालते, आणि पट्टा सुपारीपेक्षा मोठा आहे, असा निकाल त्यांनी दिला. फक्त एक अडचण होती. पळीनं पाणी सोडायला, अक्षता वाहायला हात लागतात आणि पट्ट्याला हात नसतात. मग कोंडिबानं भावाच्या जागी नुसते हात द्यावेत असं ठरलं. तो बिचारा पट्टा मांडीवर घेऊन बसला. पण दोन्ही हात मोकळे पाहिजेत म्हटल्यावर पट्टा सारखा घसरायला लागला. शेवटी भटजी वैतागून म्हणाले, "अहो, कमरेला बांधा की तो." कोंडिबानं धोतरावर पोलिसाचा पट्टा बांधला, भटजींनी पट्ट्याला शेला अडकवून गिताबाईच्या पदराशी गाठ मारली आणि देवक यथासांग बसलं. शिरूरहून शूटिंगला आलेल्या नौशादनं हे सगळं जवळून टिपलं.

नोव्हेंबरात गिताबाईनं नेहमीप्रमाणं राग करून सही केली. डिसेंबरची पेन्शन मात्र आली नाही. जानेवारीतही आली नाही, तेव्हा ती कोंडिबाला घेऊन ऑफिसात गेली. क्लार्कनं या वेळी मान वर करून तिच्याकडं पाहिलं, मग कोंडिबाकडं पाहिलं आणि दोघांना साहेबांकडं पाठवलं.

साहेब नवे होते. टेबलावर एक अर्ज होता आणि अर्जाला टाचणीनं फोटो लावलेला होता. फोटोत दोन पाटांवर गिताबाई आणि कोंडिबा शेजारीशेजारी बसलेले, कपाळाला अक्षता, मध्ये शेल्याची गाठ. सदर विधवेनं आपल्या दिराशी विवाह केला असून ती शासनाची फसवणूक करीत आहे, असं अर्जात लिहिलं होतं. अर्ज निनावी होता, म्हणजे तो कुणी केला हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

"हे लगीन न्हाई साहेब, देवक हाय," गिताबाई म्हणाली. "माज्या पोराचं. गाठ माज्या मालकांच्या पट्ट्याला हाय."

"आणि पट्टा कुठं आहे?"

"ह्यांच्या कमरंला," ती कोंडिबाकडं बोट करून म्हणाली आणि आपण काय बोललो हे तिच्या लक्षात आलं.

साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं शांतपणे सांगितलं की अर्ज आला की चौकशी होईपर्यंत पेन्शन थांबते. पंधरा दिवसांत पुरावा आणा, नाहीतर कायमची बंद करण्यासाठी वर लिहावं लागेल. प्रगती पुण्याला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. टेम्पोच्या कमाईत घर चालत होतं आणि प्रगतीचं शिक्षण चालत होतं ते निव्वळ पेन्शनीवर. पेन्शन बंद म्हणजे प्रगती घरी, हा हिशेब करायला कागद लागत नव्हता. मल्हारी गेल्यावर ती पोरगी महिनाभर दारात बसून बापाची वाट बघत होती. तिला पायावर उभी करीन, असं गिताबाईनं तेव्हा मनाशी म्हटलं होतं. कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, म्हणून ते मोडायचीही सोय नव्हती.

झालेल्या लग्नाचा पुरावा कुणीही देईल. न झालेल्या लग्नाचा कुठून आणायचा? ती सरपंचाकडं गेली. सरपंच मदतीला तत्पर. त्यानं लगोलग शिक्का मारून पत्र दिलं. त्यात लिहिलं होतं, 'गिताबाई व कोंडिबा यांच्या विवाहास मी उपस्थित नव्हतो.' गिताबाईनं ते पप्पूकडून वाचून घेतलं आणि सरपंचाला परत नेऊन दिलं. त्यानं दुरुस्ती करून आणलं, 'सदर विवाह माझ्या माहितीत झालेला नाही.' ते तिनं चुलीत घातलं.

मग पप्पूला कॅसेट आठवली. लग्नाची कॅसेट घरात होती, पण ती लावायला घरात व्हीसीपी नव्हता, त्यामुळे ती अजून कुणी पुरती पाहिलेली नव्हती. नौशादनं टीव्ही आणि व्हीसीपी टेम्पोत घालून थेट ऑफिसात आणला. तिथली टेबलं-खुर्च्या सरकवल्या गेल्या. सरकारी कामात एवढा उत्साह त्या इमारतीनं बऱ्याच दिवसांत पाहिला नसेल. शेजारच्या खात्यातले लोकही कागद दाखवायच्या निमित्तानं येऊन उभे राहिले. कॅसेट लागली. आधी गणपती आला, मग कारंजं, मग गुलाबाचं फूल उमललं आणि त्या फुलातून देवकाचे पाट बाहेर आले. बोलण्याचा आवाज नाही, नुसतं गाणं. भटजींनी गाठ मारली आणि त्याच क्षणी पडद्यावर एक भलामोठा लाल बदाम आला. बदामाच्या आत गिताबाई आणि कोंडिबा. वरून पाकळ्या पडायला लागल्या. कोपऱ्यातून दोन कबुतरं उडाली.

ऑफिसात हशा पिकला. कोंडिबानं उपरण्यात तोंड घातलं. गिताबाई नौशादकडं अशी बघत होती की तो व्हीसीपीच्या मागं सरकला.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"मिक्सिंग हाय साहेब," नौशाद म्हणाला. "गाठ दिसली की दिल टाकायचा, अशी आमची पद्धत हाय. नवरीच्या आजी-आजोबांनाबी टाकलाय. दाखवू का?"

"पट्टा कुठं दिसतोय?"

"तो दिलाच्या भाईर गेला साहेब."

साहेबांनी चष्मा पुसला. मग त्यांना आणखी एक शंका आली. पोलिसाचा पट्टा म्हणजे सरकारी सामान. माणूस गेला की ते जमा होतं. तो या बाईंच्या पेटीत कसा? आता गिताबाईची खरी पंचाईत झाली. पट्टा नाही म्हणावं तर लग्न झालं, आणि पट्टा आहे म्हणावं तर चोरी. सुटायला वाट होती ती एकच, आणि ती दौंडला जात होती.

दौंडला ठाण्यात सामानाची कोठी सांभाळायला कासम हवालदार होता. मल्हारीच्या बरोबरीनं भरती झालेला, लाइनीत भिंतीला भिंत लावून राहिलेला; ईदेचा शीरखुर्मा आणि दिवाळीचा फराळ त्या भिंतीवरून ये-जा करत असे. वहिनींना पाहून त्यानं आधी चहा मागवला आणि मग जुनं रजिस्टर काढलं. बोट फिरवत एका ओळीवर थांबला.

"हे बघा वहिनी. पट्टा एक. अपघातात निकामी, म्हणून रद्द. साहेबांची सही हाय. म्या तवा तो कागदात गुंडाळून कोंडिबाच्या हातात दिल्ता. तुमच्यावर काय बी येत न्हाई. रद्द माल म्हंजी भंगार. भंगार कुनी का नेईना."

गिताबाईनं चहाची बशी खाली ठेवली. "भंगार कुनाला म्हनता?"

"मी न्हाई म्हनत, रजिस्टर म्हनतंय."

"मग रजिस्टरला सांगा, की ह्या भंगारानं माज्या पोराचं देवक बसवलं." कासमनं खिडकीबाहेर पाहिलं. त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं आणि हवालदारानं ते पाहुण्यांसमोर पुसणं बरं दिसत नाही. मग त्यानं कोरा कागद घेतला, रद्द झालेला पट्टा कुटुंबास आठवण म्हणून दिल्याचं लिहिलं आणि आत जाऊन साहेबांची सही-शिक्का घेऊन आला. भंगार हा शब्द त्यानं कागदात कुठंही येऊ दिला नाही.

चोरीचं निस्तरलं. लग्नाचं राहिलंच. नौशाद मनातून खजील होता. त्यानं सांगितलं की मिक्सिंगच्या आधीची मूळ कॅसेट असते, तिच्यात बदाम नसतो आणि आवाजही असतो. पण मूळ कॅसेटी तो पुन्हा वापरायचा. पप्पूच्या लग्नावर एव्हाना दोन बारशी आणि एक बैलगाड्यांची शर्यत चढली असणार. तो घरी जाऊन डोकं धरून बसला. त्याची आई जन्नतबी तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून ती उठली आणि कपाटातून कपड्यांच्या खालची एक कॅसेट काढून त्याच्यापुढं ठेवली.

"ही म्या कवाच बाजूला ठिवलीय," ती म्हणाली. "हिच्यात मी हाय. पंगतीत, हिरव्या साडीत. तू जगाचं शूटिंग करतो आन् आईचं कवा केलंस?"

पंधरावा दिवस होता. टेम्पोतून पुन्हा टीव्ही आला. या वेळी गर्दी दुप्पट होती, कारण बदामाची बातमी पसरली होती. जमलेल्यांची निराशा झाली. या कॅसेटीत गाणं नव्हतं. पोरांचा गलका, भांड्यांचा आवाज आणि स्पीकरवर कुणीतरी "हॅलो, माईक टेस्टिंग" म्हणत होतं. भटजींचा आवाज स्वच्छ आला, "हवालदारांना पुढं घ्या, गाठ त्यांना मारायचीय." मग गिताबाईचा, "भावजी, जरा तिकडं सरका. ही जागा ह्यांची हाय." पडद्यावरचा कोंडिबा पाटाच्या पार कडेला सरकला आणि एका ढुंगणावर बसून त्यानं उरलेला विधी पार पाडला. देवक बसल्याबरोबर त्यानं पट्टा सोडून गिताबाईकडं दिला आणि तो बुंदीच्या कढईकडं निघून गेला. गाठ तशीच होती. दिवसभर ती कुणी सोडली नाही, किंवा गिताबाईनं सोडू दिली नाही. पुढचा तासभर ती मांडवभर फिरत होती, पाहुण्यांना कुंकू लावत होती, स्वयंपाक्यांना झापत होती, आणि तिच्या पदराला बांधलेला पट्टा मागून जमिनीवरनं घासत चालला होता. एका पाहुण्याचा त्याच्यावर पाय पडला. गिताबाई गर्रकन वळली. "पावनं, हवालदारांवर पाय देऊ नगा." पाहुणा घाबरून पट्ट्याच्या पाया पडला.

लोक हसले, साहेबही हसले. मग जन्नतबी हिरव्या साडीत जेवून गेली. मांडव रिकामा झाला. नौशाद कॅमेरा खुर्चीवर तसाच चालू ठेवून जेवायला बसला असावा, कारण चित्र हलायचं थांबलं. गिताबाई एकटी पंगतीच्या कडेला बसलेली दिसली. तिनं पट्टा उचलून मांडीवर घेतला, पदरानं बक्कलाची धूळ पुसली आणि हळू आवाजात म्हणाली, "बंदोबस्त येवस्थित झाला बगा. पाचशे मानूस जेवलं. कुनी उपाशी गेलं न्हाई. तुमची सून गुनाची हाय."

क्लार्कनं उगाच एक फाइल उघडून बंद केली. पडद्यावर कोंडिबा आला. त्यानं पाण्याचा तांब्या आणि वाढलेलं ताट वहिनीपुढं ठेवलं, क्षणभर उभा राहिला आणि निघून गेला. गिताबाईनं मान वर केली आणि तो दिसेनासा होईपर्यंत ती त्या बाजूला बघत राहिली. मग जेवायला लागली. कॅसेट संपली.

साहेबांनी कासमचं पत्र वाचलं, अर्ज फाइलला लावला आणि त्याच्यावर 'तथ्य नाही' असं लाल शाईनं लिहिलं. पेन्शन थांबल्या महिन्यापासून चालू होईल म्हणाले. पप्पूनं जाऊन व्हीसीपीच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं.

"पुन्हा असा कुणी अर्ज केला तर त्रास नको," साहेब म्हणाले. "एक पक्का जबाब लिहून ठेवू." त्यांनी क्लार्कला सांगितलं आणि क्लार्कनं लिहून मोठ्यानं वाचून दाखवलं, "मी, गिताबाई मल्हारी टेंगले, लिहून देते की मी पुनर्विवाह केलेला नाही, आणि पुढेही करण्याचा माझा विचार नाही."

सहीसाठी पेन पुढं आलं. गिताबाईनं ते हातात घेतलं, कागदाकडं पाहिलं आणि पेन खाली ठेवलं.

"पयलं ठिवा," ती म्हणाली. "दुसरं खोडा."

"का हो?"

"छापील फारमात फकस्त केलं न्हाई एवढंच हाय. धा वर्सं तेच लिवून दिलंय. इचार काय हाय न् काय न्हाई, ते सरकारनं कवा इचारलं न्हाई."

साहेबांनी तिच्याकडं पाहिलं. कोंडिबा भिंतीवरच्या कॅलेंडरातली तारीख फार लक्ष देऊन वाचत होता. साहेबांनी क्लार्कच्या हातातला कागद घेतला, दुसरं वाक्य स्वतः खोडलं आणि बाजूला सही केली. गिताबाईनं आपली झोकदार सही ठोकली. पहिला साक्षीदार म्हणून कोंडिबानं सही केली, आणि दहा वर्षांत पहिल्यांदाच ती ओळीच्या खाली उतरली.

टेम्पोत टीव्ही, व्हीसीपी आणि नौशाद बसल्यावर जागा उरली नाही, म्हणून दोघं चालत एसटी स्टँडवर आली. अर्ध्या वाटेवर कोंडिबा रस्त्याकडं बघत म्हणाला, "वैनी, ते दुसरं का खोडाय लावलं?"

"लेखी खोटं कशापायी द्यायचं?" गिताबाई पुढं बघत म्हणाली. "उद्या सापडलं, तर प्रगतीची पेन्शन जायाची. तिचं अजून दीड वर्स ऱ्हायलंय."

स्टँडवर दोन गाड्या लागल्या होत्या. एक न्हावऱ्याची आणि एक नगरची. कोंडिबा सरळ नगरच्या गाडीत चढला. गिताबाईनं त्याला हाताला धरून खाली उतरवलं.